कासिल्दाचा नंबर

मी इंग्रजी शिकायला गेलो तो फुकटची ऊब मिळते म्हणून. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर एक्याऐंशीव्या वर्षी या सातूरियोला विद्येचा ध्यास लागला असं कोणाला तरी वाटायचं. आमच्या वाल्देयेलो गावात मुलं संपली तशी शाळा बंद पडली, पण शाळेच्या कोठीत चार हिवाळे पुरेल इतकं लाकूड तसंच राहिलं. मग गावच्या कचेरीने ब्रोना नावाच्या आयर्लंडच्या बाईला शाळेच्या माडीवरची खोली राहायला दिली. बदल्यात तिने सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता आम्हा म्हाताऱ्यांना इंग्रजी शिकवायचं. बाकीचे दिवस ती जिल्ह्याच्या गावी पोरांना शिकवायला जायची, आणि म्हणायची की पोरं बरी.

वर्गात आम्ही अकरा जण. खुर्च्या सहा वर्षांच्या पोरांच्या मापाच्या, त्यामुळे गुडघे हनुवटीला लागायचे आणि बसलेला माणूस दोघांनी ओढल्याशिवाय उठायचा नाही. बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "इंग्रजी कशासाठी शिकायचंय तुम्हाला?" झालं, अकराच्या अकरा जण एकदम बोलायला लागले ते महिनाभर थांबले नाहीत.

हा गोंधळ बाईंनी कसा मोडला ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आमच्याकडे रांग असते, पण ती दिसत नाही. बुधवारी आणि शनिवारी चौकात पावाची गाडी येते. येणाऱ्याने विचारायचं, "शेवटचं कोण?" ज्याचा नंबर शेवटचा असेल तो म्हणतो, "मी." आता शेवटचे तुम्ही. मग कारंज्याजवळच्या बाकावर बसा, गप्पा मारा, उन्हात डुलकी काढा. तुमचा नंबर तुमचाच. मध्येच घरी जायचं झालं तर मागच्याला सांगायचं, "माझा नंबर धर, आलोच." तो "धरलाय" म्हणाला की तुम्ही येईपर्यंत त्याने पुढे सरकायचं नाही. आमच्या गावचा माणूस खोटी साक्ष देईल, शेजाऱ्याचा बांध सरकवेल, पण नंबर मोडणार नाही. माझ्या आजोबांच्या वेळी एकाने न्हाव्याकडे नंबर मोडला होता. त्याचं आडनाव आता गावात उरलेलं नाही.

बाईंनी हे पाव घेताना पाहिलं आणि वर्गात आणलं. दारातून आत येताना विचारायचं, "शेवटचं कोण?" आणि त्याच क्रमाने ज्याने त्याने एकेक वाक्य इंग्रजीत बोलायचं. दुसऱ्याच दिवशी वर्ग गप्प. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

फक्त एलादियोने नाक मुरडलं. एलादियो म्हणजे रिटायर झालेला वनरक्षक, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी पुढे जाऊ नये एवढ्याचसाठी तो वर्गात यायचा. "बाई," तो म्हणाला, "नंबर पावासाठी असतो. पाव संपतो, गाडी जाते, नंबर मिटतो. बोलण्याचा नंबर कधी मिटायचा?"

"तुम्ही इंग्रजी शिकलात की मिटेल, एलादियोकाका," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मिटतच नाही," मी म्हणालो. सगळे हसले.

खरं शिकणारी एकटी कासिल्दा. माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून. बोलायच्या आधी दोनदा घसा साफ करायची, त्यावरून ती अंधारातही ओळखू यायची. तिचा मुलगा इंग्लंडात गेला, तिथेच लग्न केलं, तिथेच वारला. मागे एक मुलगी राहिली, हेटी. ही हेटी सहा वर्षांची असताना एकदाच आमच्या गावी आली होती आणि तेरा वर्षांत परत आली नाही. कारण होतं ससा.

पोरीला कासिल्दाच्या खुराड्यातला एक ससा फार आवडला. एका कानावर पांढरा ठिपका होता, त्याचं तिने बटन असं नाव ठेवलं. आठवडाभर पोरगी त्याला गाजराचा पाला भरवत होती. रविवारी कासिल्दाने सशाचा भात केला. जेवण झाल्यावर पोरीला मागच्या पडवीत कातडं वाळत घातलेलं दिसलं, ठिपक्यासकट. ती रडत ओरडत आली. कासिल्दाने मुलाकडून तिला सांगवलं, की बटन डोंगरावर पळाला, हे कातडं दुसऱ्याच सशाचं. पोरगी ऐकेना, तेव्हा कासिल्दा सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरगी खोटं बोलते." बापाने तेही भाषांतर करून सांगितलं. बस. त्यानंतर दर नाताळला पोरीच्या आईचं एक कार्ड यायचं, पोरीचं कधी नाही.

गावात कासिल्दा तेरा वर्षं हेच सांगत राहिली, की बटन पळाला. वर्गात मात्र तिने बाईंकडून हळूच एक इंग्रजी बोलणं लिहून घेतलं होतं. महिनाभर ते घोकत होती. भिंतीपलीकडून मला घसा साफ केल्याचा आवाज यायचा आणि मग पुटपुट. काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, "माझा नंबर आला की ऐकशील."

ऑक्टोबरचा शेवटचा गुरुवार. मी दारात विचारलं, "शेवटचं कोण?" कासिल्दा म्हणाली, "मी." म्हणजे तिच्यामागे मी. तिच्या आधी दोघं उरले असताना ती उठली. नव्हे, आम्ही तिला उठवलं.

"सातूरियो, हरभरे शिजत ठेवलेत. माझा नंबर धर, आलेच."

"धरलाय. जा."

ती आली नाही. शेवटी बाई आणि मी तिच्याकडे गेलो. विस्तव विझवलेला होता, हरभरे छान मऊ शिजलेले होते, आणि कासिल्दा अंगात कोट, डोक्याला रुमाल अशी खुर्चीत बसलेली होती. परत निघायच्या तयारीतच गेली. नातीचा पत्ता कोणाला माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी घंटा वाजली आणि आम्ही तिला पुरून आलो.

सोमवारी मी वर्गाच्या दारात उभा राहून सवयीने विचारलं, "शेवटचं कोण?"

एलादियोने तोंड उघडलं. पण त्याच्याआधी खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीतून कोणीतरी दोनदा घसा साफ केला आणि म्हणालं, "मी."

शेगडीत एक ओंडका फुटला. खुर्चीवर कासिल्दाची विणलेली उशी होती, आणि ती मधोमध दबलेली होती.

मी बसलो. काय करणार? नंबर लागला होता. एकेक जण बोलून गेला. हवा थंड आहे. माझी बहीण जाड आहे. मग नंबर खिडकीजवळच्या खुर्चीचा आला. बाई दहा मिनिटं थांबल्या. मग पडलेल्या आवाजात म्हणाल्या, "सातूरियोकाका, तुम्ही बोला."

मी तोंड उघडलं. इंग्रजी तर सोडाच, माझी स्वतःची भाषासुद्धा बाहेर येईना. जीभ जड लाकडासारखी पडून होती. शाळेच्या बाहेर आल्यावर पहिला शब्द फुटला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी वर्ग सोडला असता. पण बुधवारी पावाच्या गाडीचा भोंगा वाजला, मी चौकात जाऊन विचारलं, "शेवटचं कोण?" आणि कारंज्याजवळच्या बाकावरून, जिथे कोणीही बसलेलं नव्हतं, उत्तर आलं, "मी." गाडीवाली विसी हाका मारत राहिली, "पुढे कोण? अहो, पुढे कोण?" मी जागचा हलू शकलो नाही. माझ्यापुढे कासिल्दा होती, आणि कासिल्दाला पाव नको होता. विसी गाडी घेऊन गेली. मंगळवारी डॉक्टर आले, तिथेही तेच. भिंतीजवळच्या खुर्चीतून घसा साफ केला गेला, एक वाजला, डॉक्टरांची वेळ संपली, ते बॅग उचलून गेले, आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कागदावरच राहिल्या. आठवड्याभरात गाव शहाणं झालं. मी घराबाहेर पाऊल टाकलं की सगळे धावत जाऊन माझ्या आधी नंबर लावायचे. माझ्या मागे कोणी उभं राहीना. न्हाव्याकडे केस कापायला गेलो तर तिथेही ती, त्यामुळे मी नाताळात मांडतात त्या गोठ्याच्या देखाव्यातल्या मेंढपाळासारखा दिसायला लागलो.

एलादियो अर्धा पाव आणून द्यायचा. देताना बोलून घ्यायचा. "बायकोच्या मागे मागे कधी हिंडला नाहीस, आता मेलेल्या शेजारणीच्या मागे हिंड."

पण एका संध्याकाळी तो पाव ठेवून गेला नाही. टोपी काढून बसला.

"सातूरियो, मी विचार केलाय. कासिल्दाचा नंबर येत नाही, म्हणून तुझा येत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"कुठेच येत नाही?"

"कुठेच नाही."

"मग गाढवा, मरणाचा तरी कसा येईल?"

भिंतीपलीकडे, त्या बंद घरात, कोणीतरी घसा साफ केला.

"ती तिथे बसून आहे तोवर तू अमर आहेस," एलादियो म्हणाला. "शिळा पाव खा, केस वाढव, गप्प बस. ती बोलली की तिचा नंबर झाला. आणि तिच्या मागे कोण आहे, सांग बघू?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. पण दुसऱ्याने म्हटलं की गोष्ट खरी होते.

नेमक्या दुसऱ्या दिवशी ब्रोनाबाई माझ्या दारात. थंडीने नाक लाल झालेलं. "सातूरियोकाका, कासिल्दामावशींनी ते बोलणं नातीसाठी पाठ केलं होतं. नात समोर आल्याशिवाय त्या बोलणार नाहीत. मला तिचा पत्ता हवाय. त्यांच्या घरात असेल. किल्ली तुमच्याकडे असते ना?"

"किल्ली?" मी म्हणालो. "ठेवलीय कुठेतरी. शोधतो."

किल्ली माझ्या डोक्यामागे खिळ्याला टांगलेली होती. बाईंना ती दिसली की नाही ठाऊक नाही. त्या खाली बघून म्हणाल्या, "त्या बोलायला काय लिहून घेऊन गेल्या ते मी सांगू शकत नाही. पण काका, ते लिहून देताना मला रडू आलं. त्या मात्र रडल्या नाहीत. म्हणाल्या, हे आपल्या भाषेत बोलायला गेले तर तोंडात माती भरते, तुमच्या भाषेत जमेल."

ते काय असणार हे मला ठाऊक होतं. कारण त्या रविवारी मी कासिल्दाच्या टेबलावर जेवायला होतो. मागचा पाय माझ्या ताटात होता. पोरगी कातडं दाखवत रडत होती, कासिल्दा "पोरगी खोटं बोलते" म्हणाली, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी मान हलवली. हो, म्हणालो, दुसराच ससा.

तरी मी किल्ली दिली नाही. पाच आठवडे दिली नाही. हे काही मी फुशारकीने सांगत नाही. रोज सकाळी उठायचो, छातीवर हात ठेवायचो, आत टिकटिक चाललेली असायची, आणि म्हणायचो, बस बाई तू आणखी थोडी. भिंतीपलीकडे ती बसलेलीच असायची. कधी सोमवारी वर्गात, कधी बुधवारी बाकावर. तिने मला कधी दटावलं नाही, नावाने हाक मारली नाही. आपला नंबर नसताना बोलणाऱ्यातली ती नव्हतीच. नुसता घसा साफ करायची, म्हणजे मी आहे हं.

डिसेंबरच्या मध्यावर पहिला मोठा बर्फ पडला. शनिवारी भोंगा वाजला म्हणून मी चौकात गेलो. सगळं पांढरं, कारंजं गोठलेलं, चर्चच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. कारंज्याजवळच्या बाकावर वीतभर बर्फ होता, फक्त एका टोकाला एक जागा कोरडी होती. एका बाईच्या बसण्याएवढी. तिच्यासमोर, खाली, दोन पावलांच्या मापाचा दगड उघडा होता. बर्फ पडत असताना कोणीतरी तिथे सगळा वेळ बसून होतं.

मी तिच्या शेजारचा बर्फ हाताने झाडला आणि बसलो.

"थंडी वाजत असेल," मी म्हणालो.

विसीने हाक मारली, "पुढे कोण?" मी हललो नाही, शेजारचं कोणी हललं नाही. गाडी गेली तरी आम्ही बसून राहिलो. मग मी घरी जाऊन खिळ्यावरची किल्ली काढली आणि शाळेची माडी चढलो. पत्ता कासिल्दाच्या घरातल्या बिस्किटांच्या डब्यात होता, तेरा नाताळांची तेरा कार्डं, सगळ्यांच्या मागे एकच पत्ता.

हेटी जानेवारीत आली. एकोणीस वर्षांची, उंच, गळ्यात भलामोठा मफलर, आणि मफलरवर कासिल्दाची हनुवटी. आमची भाषा तिला येत नव्हती. बाईंनी तिला एकच वाक्य शिकवलं होतं, दारात विचारायचं. आजी तुझी वाट बघते आहे, असंही सांगितलं असणार. पोरीने ते कितपत खरं मानलं, तिचं तिला ठाऊक. आली मात्र.

गुरुवारी पाच वाजता सगळे आत बसले होते. दाराबाहेर आम्ही तिघं: मी, पोरगी, आणि मुद्दाम मागे रेंगाळलेला एलादियो. पोरगी ओठातल्या ओठात वाक्य घोकत होती. एलादियोने माझी बाही धरली आणि कानाशी आला.

"तिला आधी विचारू दे."

"का?"

"अरे, कासिल्दाच्या मागे मग ती लागेल. तू नाही."

पोरीने एक पाऊल पुढे टाकलं. तोंड उघडलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचं ते पाऊल गोड वाटलं. एवढुसं पाऊल, आणि मी सुटलो असतो.

जन्मात पहिल्यांदा मी कोणाला ढकललं. खांद्याने तिला बाजूला सारलं आणि दारात शिरून ओरडलो, "शेवटचं कोण?"

खिडकीजवळ दोनदा घसा साफ झाला. "मी."

पोरगी माझ्यामागे भिंतीला धरून उभी होती. असा दांडगट म्हातारा तिने पाहिला नसेल. मग तोच आवाज तिच्या कानात शिरला असावा, कारण तिचा चेहरा मफलरसारखा सैल झाला. तरी तिने शिकवलेलं वाक्य म्हटलं, मोडकंतोडकं: "शेवटचं कोण?"

"मी," मी म्हणालो. "माझ्यामागे रहा, पोरी."

एलादियो सगळ्यात शेवटी आत आला. माझ्याकडे न बघता पुटपुटला, "गाढव."

पोरगी खिडकीजवळच्या खुर्चीशेजारी बसली, गुडघे हनुवटीला. त्या संध्याकाळी कोणी लांबण लावली नाही. हवा थंड आहे. हवा थंड आहे. हवा थंड आहे. मग नंबर आला.

घसा दोनदा साफ झाला. आणि मग कासिल्दा इंग्रजीत बोलली. मला एवढं इंग्रजी येत नव्हतं, पण ते मला समजलं, शब्द न् शब्द.

"हेटी. ससा तोच. बटन. मी माहीत होते. घरात दुसरं नव्हतं, तुझा बाप भुकेला आला होता. तू खरं बोललीस. मी खोटं. तेरा वर्षं मी खोटं. तू नाही."

ब्रोनाबाईंनी एकही चूक दुरुस्त केली नाही. पोरीने हात पुढे केला आणि त्या उशीवर ठेवला. आमच्या डोळ्यांदेखत उशी हळूहळू फुगून वर आली, जशी माणूस उठल्यावर येते.

मग बाई म्हणाल्या, "सातूरियोकाका. तुमचा नंबर."

जीभ मोकळी होती. मला येत होतं तेवढं सगळं इंग्रजी मी एका वाक्यात घातलं. "पाय मी खाल्ला," मी म्हणालो.

पोरीने माझ्याकडे पाहिलं. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. जाताना ती कासिल्दाची उशी घेऊन गेली. तेव्हापासून बाईंनी वर्गात नंबर बंद केला. आता आम्ही अकराच्या जागी दहा जण एकदम बोलतो आणि कोणालाच काही येत नाही.

शनिवारी भोंगा वाजला. मी चौकात गेलो. बर्फ वितळत होता, बाक ओला होता, सगळा सारखाच ओला. मी विचारलं, "शेवटचं कोण?"

कोणी बोललं नाही. कारंज्यातून पाणी टपकत होतं. विसीने गाडीतून मान बाहेर काढली. हातात पाव, गरम, वाफ निघत असलेला.

"कोणी नाही, सातूरियोकाका. तुमच्या पुढे कोणीच नाही. या."

अडीच महिने मी त्या पावासाठी झुरलो होतो. मी एक पाऊल टाकलं आणि थांबलो. पुढे कोणीच नाही. छातीवर हात ठेवला तर आतली टिकटिक कान देऊन ऐकत असल्यासारखी वाटली. मागे पावलं वाजली. एलादियो आला होता, पिशवी घेऊन.

"शेवटचं कोण?" त्याने विचारलं.

"मी," मी म्हणालो. "एलादियो, हरभरे शिजत ठेवलेत. माझा नंबर धर, आलोच."

"धरलाय," तो म्हणाला. सवयच ती. आमच्याकडे दुसरं काही म्हणता येत नाही. तोंडातून शब्द गेल्यावर त्याचा चेहरा बघायला हवा होता.

त्याला सहा वर्षं झाली. मी सत्त्याऐंशीचा आहे, एलादियो एक्याण्णवचा. दोघांनाही खोकला नाही, ताप नाही, चौकातला पाव नाही. विसी शेवटी आमच्यापुरता पाव दाराला लटकवून जाते. बुधवार-शनिवार तो चौकात उभा राहून माझ्या खिडकीकडे बघतो आणि मला शिव्या घालतो, आता इंग्रजीतसुद्धा.

"हरभरे झाले का रे?" तो ओरडतो.

"अजून कच्चे आहेत," मी खिडकीतून सांगतो.

चुलीत विस्तव घातलेलाच नाही, हे त्याला माहीत आहे. मलाही माहीत आहे. पण गेल्या काही दिवसांपासून सकाळी उठतो तेव्हा हरभऱ्यांचं भांडं कोमट लागतं, आणि भिंतीपलीकडच्या बंद घरात कोणीतरी दोनदा घसा साफ करतं.